सोवळ्यातले घर

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी मराठीत इतके चांगले लिहून झाले आहे, की आणखी काही लिहू पाहणाराने आधी आपले प्रयोजन सांगावे हे बरे. त्यांच्या भाषेचा साधेपणा, त्यांचा निर्मळ विनोद, नवऱ्यावरची त्यांची डोळस माया यांची स्तुती तीन पिढ्यांनी केली आहे आणि त्या स्तुतीतला एकही शब्द मला खोडावयाचा नाही. माझे गाऱ्हाणे आपल्या वाचण्याच्या रीतीविषयी आहे. या ग्रंथाचा आरंभ आपण हसत हसत वाचतो, पोट धरून हसतो, आणि हसणे ओसरले की पान उलटतो. त्या पानावर एक आजारी माणूस आहे, त्याच्याभोवती एक थकलेली बाई आहे आणि भेदरलेली पोरे आहेत, हे आपल्या ध्यानातच येत नाही. मनाचे आजारपण आणि मनाची निगा यांविषयी मराठीत जी थोडी फार मोलाची पुस्तके आहेत, त्यांत मी 'स्मृतिचित्रे' फार वर ठेवते. तसे का, ते सांगण्यासाठी हा लेख.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. नाशिकजवळचे जलालपूर हे त्यांच्या लहानपणाचे गाव. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले. ग्रंथाचा आरंभच तेथून होतो. त्या घटनेनंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, सोवळ्याचा असा ध्यास घेतला की तो साऱ्या घराला पुरून उरला. बाजारातून आलेले धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घ्यावयाचे. स्वयंपाकाला कोणाचा स्पर्श झाल्याचा नुसता संशय आला, तरी तो सगळा देऊन टाकावयाचा आणि बाईने पुन्हा स्नान करून पहिल्यापासून चूल मांडावयाची. मुलांनी कोठे हात लावावा, कोठे पाय ठेवावा, याचेही कायदे. आणि या साऱ्याची वर्णने लक्ष्मीबाई अशा काही मिस्किलपणे करतात, की मीठ धुतल्यावर उरते किती, हा प्रश्न मनात येऊन वाचक खुदकन हसतोच.

वर्गात हा भाग वाचून दाखविला की मुले हसतात. हसू द्यावीत. लक्ष्मीबाईंची तीच इच्छा असणार. पण एखादी मुलगी हसता हसता थांबते आणि विचारते, "बाई, मग त्या घरात जेवण किती वाजता होत असेल?" मला वाटते, या ग्रंथाची खरी समीक्षा त्या प्रश्नापासून सुरू होते.

जेवण किती वाजता होत असेल? चूल एकदा मांडली, मोडली, पुन्हा मांडली. पोरे भुकेली. बाई ओलेत्याने उभी. ज्या बाईचा बाप फाशी गेला आहे, तिला त्या बापासाठी रडावयास या धुण्यापुसण्यातून सवड केव्हा मिळाली असेल? दुःख खरे तर तिचे. परंतु त्या दुःखाचे सगळे सोहळे घरात नवऱ्याच्या नावाने चालू. त्याच्या भीतीला सारे घर राबते, आणि तिच्या शोकाला कोपरासुद्धा मिळत नाही. कादंबरीकाराच्या हाती हा प्रसंग आला असता, तर त्याने या आईला एक तरी लांबलचक स्वगत दिले असते. लक्ष्मीबाई ते देत नाहीत. त्या नुसत्या घडलेल्या गोष्टी एकीपुढे एक ठेवीत जातात. विशेषणे वापरीत नाहीत, न्यायनिवाडा करीत नाहीत. त्यामुळे नाना आपल्याला राक्षस वाटत नाहीत आणि आई देवी वाटत नाही. दोघेही शेजारच्या घरातली माणसे वाटतात. हे लेखन दिसावयास सोपे आणि करावयास फार अवघड आहे.

नानांच्या या वागण्याला आपल्या भाषेत एक जुना, नेमका शब्द आहे: मंत्रचळ. हात धुतले तरी धुतल्यासारखे वाटत नाहीत, कडी लावली तरी ती लागल्याची खात्री पटत नाही. आपण करतो ते व्यर्थ आहे हे बहुधा त्या माणसालाही कळत असते, पण केल्यावाचून त्याचा जीव घाबरा होतो. केले की क्षणभर बरे वाटते, आणि ते क्षणभराचे बरे वाटणेच पुढच्या खेपेचे बी होऊन बसते. आज मनोविकारतज्ज्ञ यावर औषध देतात, आणि औषधाच्या जोडीला एक निराळा अभ्यासही करवून घेतात. ज्याची भीती वाटते त्याला थोडा थोडा हात लावावयाचा आणि नंतर धुवावयाचे नाही. भीती चढते तशी उतरतेही, हे मनाला अनुभवाने शिकू द्यावयाचे. लंडनमधील व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये या रीतीने बरे झालेले रुग्ण जगापुढे मांडले. अर्थात दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाची नाडी पुस्तकाच्या पानातून पाहता येत नाही, आणि नानांच्या नावापुढे रोगाचे नाव लिहून टाकण्याचा अधिकार मला नाही. परंतु लक्ष्मीबाईंनी जे पाहिले आणि लिहिले, ते इतके चोख आहे की आजच्या जाणत्या डॉक्टरलाही त्यात पाहण्यासारखे पुष्कळ सापडेल.

या आजाराविषयी डॉक्टर आणखी एक गोष्ट सांगतात. असा माणूस एकटा धूत नाही. तो हळूहळू साऱ्या घराला धुवावयास लावतो. घरची माणसे आधी मायेने, मग भांडण नको म्हणून, शेवटी सवयीने त्याच्या नियमांत वागू लागतात. त्याला बरे वाटावे म्हणून हे चाललेले असते, आणि होते उलटेच. घर जितके वाकते, तितकी भीती ऐसपैस बसते. गोखल्यांच्या घरात नेमके हेच घडलेले आपण वाचतो. तेथे एका माणसाचे मन आजारी होते आणि सगळ्या घराचा दिनक्रम त्या आजाराने ठरविला होता.

येथे एक प्रश्न बाजूस सारता येत नाही. सोवळे हा काही एका घाबरलेल्या जिवाचा घरगुती विक्षेप नव्हता. कोणाचा हात विटाळाचा, कोणाची सावली विटाळाची, हे नानांनी शोधून काढले नव्हते. समाजाने ते त्यांच्या हाती आयते दिले होते. भिणारा माणूस कशाला भिईल, हे त्याचा काळ ठरवितो. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा आपण सगळ्यांनी भाजी धुतली, दुधाच्या पिशव्या धुतल्या; साथ ओसरल्यावरही काही घरांतले ते धुणे थांबले नाही. नानांच्या काळाने त्यांना जंतूंऐवजी माणसांची भीती दिली. म्हणून नाना आजारी होते एवढे म्हणून अस्पृश्यतेच्या पापातून कोणाचीच सुटका होत नाही. ज्यांना विटाळ मानले गेले, त्यांनी जे भोगले ते कोणा एकाच्या मनोविकारामुळे भोगले नाही. चांगल्या धडधाकट मनांच्या माणसांनी ते त्यांना भोगावयास लावले. उलट बाजूने पाहिले तर असेही दिसते, की या रूढीनेच नानांचा आजार झाकून टाकला. जो माणूस मीठ धुतो, त्याला गावाने विचारले असते, "बाबा, तुला काय होते आहे?" परंतु तो सोवळ्यासाठी धुतो म्हटल्यावर गाव हात जोडते. आजाराला पुण्याचे नाव मिळाले की औषधाची वाट बंद होते. मनाच्या दुखण्यांना आपल्याकडे जी सोज्ज्वळ नावे मिळतात, त्यांचा विचार या प्रकरणावरून प्रत्येकाने करावा. कोणाच्या संशयीपणाला आपण दक्षता म्हणतो, कोणाच्या अखंड खिन्नतेला वैराग्य म्हणतो, आणि न जेवता न झोपता राबणाऱ्या बाईला तर सरळ लक्ष्मी म्हणतो.

आता ग्रंथाच्या पुढील भागाकडे वळू. अशा घरातून आलेली ही मुलगी लहान वयात नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन सासरी गेली. टिळक मोठे कवी, उदार, शीघ्रकोपी आणि लहरी. घरातला पैसा केव्हा कोणाला देऊन टाकतील याचा नेम नाही, न सांगता घर सोडून कोठे निघून जातील याचाही नेम नाही. म्हणजे माहेरी एका माणसाच्या नियमांनी घर हलत होते, सासरी दुसऱ्या माणसाच्या अनियमांनी हलू लागले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या ब्राह्मण बाईच्या दृष्टीने नवरा जिवंत असून हरपला. लक्ष्मीबाईंनी त्या दिवसांतली आपली अवस्था लिहिली आहे. तिला आज डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. वाचणाऱ्याला एवढे कळते, की या बाईच्या मनाचा तळ त्या वेळी ढवळून निघाला होता.

या प्रकरणाकडे मला मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे, कारण ती त्यातून सावरली कशी, याचे उत्तर ग्रंथात आहे आणि ते आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. आपली परंपरा मनाला उपदेश करणारी आहे. समर्थांनी २०५ श्लोक मनाला उद्देशून लिहिले, आणि ते घरोघरी म्हटले गेले. त्या उपदेशाचे मोल मी कमी मानीत नाही. तरी त्यात एक गृहीत आहे: माणसाने आपल्या मनाशी एकट्याने बोलावे आणि त्याला वळण लावावे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात असे एकट्याने मनाला समजावणे फारच थोडे. त्या सावरल्या त्या माणसांमुळे, आणि हाताशी आलेल्या कामामुळे. त्यांच्याजवळ लहानगा दत्तू होता. नात्यातल्या माणसांनी त्यांना दूर लोटले नाही. पंढरपूरला नणंदेकडे त्यांना आसरा मिळाला. मनातले त्या पद्यात मांडू लागल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला आपले दुःख सांगण्यासाठी शब्द सापडले, ही मला या ग्रंथातली सर्वांत मोठी घटना वाटते. दुःख शब्दांत मांडल्याने ते नाहीसे होत नाही; पण ते आपल्यासमोर येऊन बसते, आणि समोर बसलेल्याशी माणूस बोलू शकतो.

काही वर्षांनी त्या टिळकांकडे गेल्या. आपले आचार त्यांनी एकदम सोडले नाहीत. वेगळी चूल ठेवली, आपले सोवळे सांभाळले. बापाच्या घरचे ते सोवळे त्यांच्याही अंगात मुरलेले होते. ते हळूहळू, एकेक स्पर्श करीत, विचारांती गळून पडले. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. माझा मुद्दा धर्मांतराचा नाही. तो ज्याचा त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावा. माझे लक्ष आहे ते त्या रीतीवर. कोणी त्यांच्यावर सक्ती केली नाही. टिळकांसारख्या उतावळ्या माणसानेही या एका गोष्टीत घाई केली नाही. ज्या स्पर्शाची धास्ती बालपणी घातली गेली, त्या स्पर्शाजवळ त्या आपल्या पावलांनी गेल्या. मेयरसाहेबांचा तो अभ्यास ही बाई साठ-सत्तर वर्षे आधी, कोणी न शिकविता, आपल्या घरात करीत होती असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण वाट त्याच दिशेची होती.

ती वाट कोठवर गेली ते पाहावे. नगरला प्लेग आला तेव्हा छावणीतील आजारी मुलींची शुश्रूषा या बाईने केली. दुष्काळात पोरकी झालेली मुले या नवराबायकोंनी घरात घेतली, त्यांना न्हाऊमाखू घातले, पोटाशी धरले. जिच्या बापाच्या घरात मीठ धुतल्याशिवाय आत येत नसे, तिच्या घरात कोणाचे कोण ते ठाऊक नसलेले मूल सरळ आत येऊ लागले. 'स्मृतिचित्रे' या सबंध ग्रंथाची घडण माझ्या दृष्टीने या दोन घरांमध्ये आहे. पहिल्या घराचे दार भीतीने लावलेले, दुसऱ्याचे सताड उघडे. टिळकांच्या १९१९ मधील मृत्यूनंतरही ते दार लागले नाही. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हाती घेऊन लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि मग आपली ही हकीकत सांगावयास बसल्या. 'संजीवनी' साप्ताहिकातून ती येऊ लागली. पहिला भाग १९३४ मध्ये पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा त्यांचे वय ६६ होते.

हे वय ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या विनोदाची आपण इतकी वाखाणणी करतो, तो विनोद घटनेनंतर सुमारे ५०-६० वर्षांनी आलेला आहे. जलालपूरच्या त्या घरात, चूल दुसऱ्यांदा मांडली जात असताना, बहुधा कोणीही हसत नव्हते. हसणे हे दुःखावरचे औषध आहे असे आपण सर्रास म्हणतो आणि दुःखी माणसाला "हस की जरा" असे सांगतो. लक्ष्मीबाईंचे हसणे हे औषधापेक्षा बरे झाल्याचे लक्षण अधिक आहे. जखम भरून आल्यावर व्रणावरून बोट फिरवावे तसे ते आहे. ताज्या जखमेवर कोणी तसे बोट फिरवू नये.

ग्रंथात मला एक उणीवही दिसते, आणि आदराने का होईना ती सांगितली पाहिजे. लक्ष्मीबाई सगळ्यांना क्षमा करतात. नानांना करतात, टिळकांच्या संतापाला आणि न सांगता निघून जाण्याला करतात. त्यांच्या मनाचा तो मोठेपणा आहे. परंतु त्या उदार प्रकाशात त्यांची आई मात्र काहीशी अंधारात राहते. तिचे हाल आपल्याला कळतात, तिचे मन कळत नाही. आणि वाचक या ग्रंथातून सोसण्याचा धडा घेऊन उठतो: पाहा, बायका कशा सोसत होत्या आणि तरी हसत होत्या! हा धडा लक्ष्मीबाईंनी दिलेला नाही. तो आपण आपल्या सोयीने घेतो. सोसलेली प्रत्येक बाई लक्ष्मीबाई होत नाही. पुष्कळ जणी नुसत्याच विझून जातात, आणि त्यांची स्मृतिचित्रे कोणी लिहीत नाही.

त्या आईजवळ आपल्या घरात काय चालले आहे ते सांगावयास शब्द नव्हता आणि विचारावयास माणूस नव्हते. आज दोन्ही आहेत. मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा माणसाचा हक्क आहे, असे २०१७ च्या कायद्याने आपल्या देशात मान्य केले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवा आहे; १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री फुकट फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. आजारी माणसानेच फोन केला पाहिजे असे नाही. त्याच्या घरच्यांनाही तेथे सल्ला विचारता येतो. तरीही घरातल्या माणसाचे दुखणे आपण 'स्वभाव' या एका शब्दात गुंडाळून माळ्यावर टाकतो. त्यांचा स्वभावच तसा, असे म्हटले की कोणालाच काही करावे लागत नाही.

सध्या घरोघर दिवाळीची झाडलोट होऊन गेली आहे. भांडी लखलखत आहेत, कोपरे निघाले आहेत. स्वच्छतेचा आनंद हा मोठा आनंद आहे आणि त्यावर मला शिंतोडे उडवावयाचे नाहीत. सणाच्या निवांत दुपारी कोणी 'स्मृतिचित्रे' कपाटातून काढून वाचावयास बसेल, तर त्याने पहिल्या प्रकरणात मनमुराद हसावे. मग क्षणभर पुस्तक मिटून आपल्या घरात नजर टाकावी. कोणाच्या भीतीला, कोणाच्या रागाला सांभाळण्यासाठी आपले घर रोज वाकते का? वाकत असेल, तर त्या माणसाला औषधाची गरज आहे का, हे विचारावे. आणि त्याहून आधी, त्याला सांभाळता सांभाळता जी स्वयंपाकघरात पुन्हा चूल मांडते आहे, तिला विचारावे, की बाई, तू जेवलीस का?